खोक्यावरचे चित्र आणि आतली गाडी

ज्या कामाला डोके लागत नाही त्याला आपण 'पोरखेळ' म्हणतो. परंतु पोरांचे काही खेळ असे आहेत, की ते मांडले तर लेथवर पंचवीस वर्षे काढलेल्या माणसालाही डोके खाजवावे लागेल. प्लॅस्टिकच्या विटांतून मोटारगाडी जोडण्याचा खेळ त्यापैकीच एक. आणि त्यातली खरी गंमत गाडी हातात आल्यावर नाही, ती येण्याच्या आधी आहे. कंपनी नव्या गाडीचे चित्र जाहीर करते. खोका अजून दुकानात पोचलेला नसतो. तेवढ्या एका चित्रावरून जगभरची मुले आणि मोठी माणसे अंदाज बांधू लागतात. हिला गिअर किती असतील? पुढची चाके कशाने वळतील? गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन वरखाली होतील का? मागच्या धुऱ्यावर डिफरन्शियल असेल का?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्या घरांना हे प्रश्न परके वाटू नयेत. आपल्यातल्या कितीतरी घरांतली माणसे भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत हेच भाग कापतात, घासतात आणि जोडतात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी गॅरेजमध्ये आहे, कुणी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहे. तेव्हा हा अंदाजाचा खेळ आपल्या मुलामुलींनी कसा खेळावा, आणि त्यासाठी महागडा खोका विकत घ्यावाच लागतो का, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

सुताराच्या दुकानातून सुरुवात

या विटा बनवणारी लेगो ही कंपनी डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावची. ओले कर्क क्रिस्तियानसन नावाच्या सुताराने १९३२ साली ती सुरू केली. मंदीचे दिवस होते, घरबांधणीची कामे मिळत नव्हती, म्हणून हा सुतार लाकडी खेळणी करू लागला. आज आपण पाहतो ती एकमेकींत घट्ट बसणारी प्लॅस्टिकची वीट मात्र नंतरची. तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला.

१९७७ साली कंपनीने विटांच्या जोडीला दातेरी चाके, दांडे आणि छिद्रांच्या पट्ट्या आणल्या. या मालिकेला पुढे 'टेक्निक' हे नाव मिळाले. त्याच वर्षीच्या मोटारीच्या सांगाड्यात वळणारी चाके, दोन गिअर आणि हलणारे चार पिस्टन होते. १९८० च्या मोटारीत डिफरन्शियल आणि मागच्या चाकांना स्प्रिंगा आल्या. १९९४ च्या मोटारीत चारही चाकांना जोर, चारही चाके वळणारी, चार गिअर आणि आठ सिलिंडरचे इंजिन होते. म्हणजे प्रत्येक नवी गाडी आधीच्या गाडीच्या खांद्यावर उभी राहिली. अंदाज बांधणाऱ्याला पहिला आधार मिळतो तो इथे. आधी काय काय झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच पुढे काय येईल ते सुचते.

पुण्याशी नाते असलेली गाडी

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे २०१९ सालची 'लँड रोव्हर डिफेंडर'. लँड रोव्हर ही मूळची इंग्लंडची कंपनी. २००८ साली टाटा मोटर्सने ती जग्वारसह विकत घेतली. टाटा मोटर्स म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांची टेल्को, जिचा पुण्याचा कारखाना १९६६ साली उभा राहिला. २०११ पासून लँड रोव्हरच्या काही गाड्यांची जोडणी पुण्यात होऊ लागली आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हरच्या जोडणीची घोषणाही पुण्यासाठीच झाली.

खऱ्या नव्या डिफेंडरवरचा पडदा १० सप्टेंबर २०१९ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात उठला. पण त्याआधीच तिच्या लेगो प्रतिकृतीचे चित्र बाहेर फुटले होते! खेळण्याच्या चित्रावरून लोक खऱ्या गाडीचा घाट कसा असेल ते ताडू लागले. पोरखेळाने मोठ्यांचे गुपित फोडले ते असे.

खोका बाजारात आला तेव्हा त्यात २५७३ भाग होते. जोडून झालेली गाडी ४२ सेंटिमीटर लांब. आत सहा सिलिंडर एका ओळीत असलेले इंजिन, चारही चाकांना जोर, तीन डिफरन्शियल, प्रत्येक चाकाला वेगळे शॉकअप, एकापाठोपाठ बदलणारे चार गिअर, वर हाय आणि लो अशी जोडी, आणि पुढच्या बाजूला दोर गुंडाळणारी विंच. मोटर मात्र एकही नाही. गाडी हाताने ढकलायची आणि आतली सगळी यंत्रणा फिरताना पाहायची.

अमेरिकेत तिची किंमत होती २०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने चौदा हजार रुपयांच्या आसपास. कंत्राटी कामगाराच्या घरात चौदा हजारांचे खेळणे येणार नाही हे उघड आहे. पण वर सांगितलेल्यापैकी बराचसा तपशील खोका न उघडता, नुसत्या विचाराने काढता येतो. तो कसा, ते पाहू.

चित्र वाचायचे कसे?

पहिली गोष्ट, चाके पाहावीत. बैलगाडीचे एक चाक दगडावर चढले की सगळी गाडी कलते, कारण दोन्ही चाके एकाच धुऱ्यावर घट्ट असतात. चित्रात एक चाक दगडावर चढलेले असून दुसरे जमिनीवरच टेकलेले आणि गाडी सरळ दिसत असेल, तर प्रत्येक चाकाला आपले वेगळे शॉकअप आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट, जोर कोणत्या चाकांना जातो? आपल्या तीनचाकी रिक्षाचे इंजिन मागे आणि जोरही मागच्या दोन चाकांना. रिक्षा वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन मागच्या चाकांत सव्वा मीटर अंतर धरले, तर रिक्षा पूर्ण मागे फिरवताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एका दांड्यावर पक्की असती तर एक चाक रस्त्यावर घासत गेले असते. म्हणून मध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना जोर देते आणि वेगवेगळ्या वेगाने फिरूही देते.

आता हाच विचार चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला लावू. पुढच्या दोन चाकांत एक, मागच्या दोन चाकांत एक. पण वळणावर पुढची जोडी आणि मागची जोडीही सारखे अंतर धावत नाही. म्हणून त्या दोहोंच्या मध्ये तिसरे. 'चारही चाकांना जोर' एवढे शब्द खोक्यावर वाचले, की 'आत तीन डिफरन्शियल असणार' असे मुलाने म्हणावे. डिफेंडरमध्ये ती तीनच निघाली.

खेळण्यात डिफरन्शियल आहे की नाही याची खूण सोपी आहे. गाडी उचलून मधला दांडा बोटाने धरावा आणि एक चाक फिरवावे. दुसरे चाक उलट्या दिशेने फिरले तर डिफरन्शियल आहे. दोन्ही चाके जागची हलत नसतील तर नाही. रिक्षावाल्या बापाने, इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये असताना, गॅरेजमध्ये वर उचललेल्या रिक्षावर हेच एकदा मुलांना दाखवावे. पुस्तकातली दहा पाने वाचून जे कळत नाही ते एका मिनिटात कळते.

तिसरी गोष्ट, गिअर. 'एकापाठोपाठ बदलणारे गिअर' म्हणजे काय हे मोटारसायकल चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. पायाचा लिव्हर दाबला की पुढचा गिअर पडतो. पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारता येत नाही, मधले दोन ओलांडावेच लागतात. मोटारीच्या हातातल्या दांड्याने मात्र कुठूनही कुठे जाता येते. चार गिअर आणि त्यावर हाय-लो अशी जोडी असेल तर चार गुणिले दोन, म्हणजे पुढे जाण्याचे आठ वेग.

चौथी गोष्ट, विंच. दोर ओढून धरायचा तर तो आपोआप उलगडता कामा नये. म्हणजे आत एका दिशेने फिरू देणारी आणि दुसऱ्या दिशेने अडवणारी खिटी असली पाहिजे. अशी खिटी आपल्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असते. पायडल थांबवल्यावर टिक-टिक असा जो आवाज येतो तो तिचाच.

बेरीज बत्तीस

आता थोडे गणित. ते पाचवी-सहावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे.

लेगोच्या पट्टीवर एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर असते. आणि तिची दातेरी चाके अशी घडवली आहेत, की चाकाला जितके दाते तितक्या मिलिमीटरचा त्याचा व्यास धरावा. ८ दात्यांचे चाक ८ मिलिमीटरचे, २४ दात्यांचे २४ मिलिमीटरचे. हा व्यास दोन चाकांचे दाते एकमेकांत बसतात तिथपर्यंत मोजायचा. मग दोन चाके एकमेकांत अडकवली तर त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर किती? दोन्हींच्या दात्यांची बेरीज, भागिले दोन.

८ आणि २४ यांची बेरीज ३२, निम्मे १६ मिलिमीटर, म्हणजे दोन छिद्रांचे अंतर. १६ आणि १६ यांचीही बेरीज ३२. १२ आणि २० यांचीही ३२! म्हणजे दोन छिद्रांच्या अंतरावर दोन दांडे बसवले, तर त्यांच्यावर या तिन्ही जोड्या शेजारी शेजारी बसू शकतात. ८ दात्यांचे चाक २४ ला फिरवील तेव्हा वेग तिसऱ्या हिश्शावर येईल आणि जोर, घर्षणात जातो तो सोडून, तिप्पट होईल. १६ आणि १६ मध्ये वेग तोच राहील. २० दात्यांच्या चाकाने १२ ला फिरवले तर वेग वाढेल आणि जोर कमी होईल. गिअरबॉक्स म्हणजे दुसरे तिसरे काही नाही. दोन दांडे, त्यांच्यावर बेरीज सारखी येणाऱ्या चाकांच्या जोड्या, आणि एका वेळी एकच जोडी कामाला लावणारा दांडा.

म्हणून चित्रात दोन दांड्यांची टोके दिसली तर मधली छिद्रे मोजावीत. आत कोणती चाके असू शकतील आणि कोणती असूच शकणार नाहीत, हे कागदावर काढता येते. कारखान्यात गिअर कापणारा कामगार हेच जाणतो. समांतर दोन शाफ्टवर एकाच मापाचे दाते असतील तर दात्यांची बेरीज ठरलेली असते. बाप रोज करतो ते काम आणि मुलगा शाळेत शिकतो ते गणित एकच आहे, हे दोघांनाही एकदा कळले पाहिजे.

घर्षणाची गोष्टही विसरू नये. चाकाला चाक जोडत गेले की प्रत्येक ठिकाणी थोडी शक्ती वाया जाते. २०१८ साली लेगोने बुगाटी शिरॉन ही मोटार खऱ्या आकारात, दहा लाखांहून जास्त टेक्निक भाग वापरून उभी केली. वजन सुमारे दीड हजार किलो. ती चालवायला खेळण्यातल्या २३०४ छोट्या मोटरी लागल्या. इतक्या मोटरी मिळून ताकद भरली ती साधारण सव्वापाच अश्वशक्ती, आणि गाडी धावली ताशी वीस किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने. आपली साधी मोटारसायकलही तिला सहज मागे टाकील. तरीही ती चालली, आणि आत बसून माणसाने ती चालवली!

खोका घरात नसेल तर

आता मुख्य प्रश्न. ज्याच्या घरी खोका नाही त्याने काय करावे?

याचे उत्तर पुण्यातच सापडले आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनिअर होऊन पुण्याच्या टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर आले. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञानशिक्षणाच्या कामात सामील झाले. तिथे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांचा जोडखेळ तयार केला. पुढे अनेक वर्षे ते पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका' या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशी जोडखेळाचे काम त्यांनी चार-आठ आण्यांच्या वस्तूंत करून दाखवले.

आपणही करून पाहावे. काड्यांचा गूल मोठ्या माणसाने आधी खरवडून टाकावा. नळीचे लहान लहान तुकडे कापून त्यांत काड्यांची टोके खुपसावीत. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो लगेच एका बाजूला लवंडतो. त्यात तिरपी काडी घाला, तो ताठ होतो. सायकलची फ्रेम पाहा, विजेच्या तारांचा मनोरा पाहा, ट्रकच्या सांगाड्यातले तिरपे आडवे तुकडे पाहा. सगळीकडे त्रिकोण दिसतील.

गिअरसाठी सोड्याच्या बाटलीची पत्र्याची बुचे घ्यावीत. त्यांना कडेने २१ दाते असतात. बरोबर मध्ये भोक पाडून दोन बुचे फळीवर खिळ्यांनी अशी बसवावीत की दाते एकमेकांत अडकतील. एक उजवीकडे फिरवले की दुसरे डावीकडे फिरते. आता ओळीत तिसरे बूच लावा. पहिले आणि तिसरे एकाच दिशेने फिरू लागतील. मधे एक चाक वाढवले की शेवटची दिशा उलटते. गाडीचा रिव्हर्स गिअर याच युक्तीवर चालतो. खर्च शून्य, आणि जे समजले ते चौदा हजारांच्या खोक्यात आहे तेच.

पालकांना आमची विनंती आहे, की जुन्या बाजारातून एखादी बिघडलेली चावीची मोटार, बंद पडलेले घड्याळ किंवा तुटका मिक्सर मिळाला तर तो मुलांना उघडू द्यावा. विजेची वस्तू असेल तर वायर कापूनच हातात द्यावी. मात्र एक अट घालावी. उघडण्याआधी आत काय असेल ते मुलाने सांगायचे.

मुलींना बाजूला बसवू नका

गाडीचे खेळणे आणले की ते मुलाच्या हातात जाते आणि मुलीच्या हातात भातुकली येते. हे आपल्याही घरांत घडते. याच टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत १९७४ साली स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. ती वाचून सुधा कुलकर्णी या तरुण इंजिनिअर मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. तिला मुलाखतीला बोलावले गेले आणि नोकरीही मिळाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. आता टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जोडणारी फक्त स्त्रियांची लाइन उभी राहिली आहे. पन्नास वर्षांत एवढे अंतर कापले गेले. घरात शिवणयंत्र असेल तर मुलीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यावा आणि विचारावे, चाक फिरते गोल, मग सुई वरखाली कशी होते? इंजिनात नेमके याच्या उलट घडते. पिस्टन वरखाली होतो आणि दांडा गोल फिरतो.

हाताचे ज्ञान

आपल्याकडे हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने काम करणारा वरचा अशी वाटणी शतकानुशतके चालली. ज्यांनी चामडे कमावले, लोखंड ठोकले, चाके घडवली, त्यांच्या कामाला ज्ञान म्हटले गेले नाही. आणि ज्यांना पोथी वाचता आली त्यांना चाकाला तेल कुठे घालायचे हे ठाऊक नव्हते. यंत्र ही वाटणी मानत नाही. गिअरचे दाते चुकीचे मोजले तर गाडी हलत नाही, मोजणारा कुणीही असो.

म्हणून कारखान्यातून दमून घरी आलेल्या बापाने 'माझं काम काय सांगायचं, मशीनवर उभं राहायचं' असे म्हणू नये. आवाज ऐकून बेअरिंग गेले की गिअरचा दाता तुटला हे ओळखणारा माणूस आणि खोक्यावरचे चित्र पाहून आतली यंत्रणा ताडणारा मुलगा एकच काम करत असतात. जे दिसत नाही ते, जे दिसते त्यावरून काढणे. औंधच्या आयटीआयमध्ये फिटर किंवा मोटर मेकॅनिक व्हायचे असो की इंजिनिअरिंगला जायचे असो, ही सवय लहानपणी लागली तर जन्मभर उपयोगी पडते. बापाची विद्या तोंडाने सांगितली गेली नाही तर ती निवृत्तीच्या दिवशी गेटबाहेर पडते आणि तिथेच संपते.

अंदाजाची वही

शेवटी एक सूचना. घरात एक दोनशे पानी वही ठेवावी आणि तिला अंदाजाची वही म्हणावे. वर्तमानपत्रात, फलकावर किंवा मोबाइलवर नव्या गाडीचे चित्र दिसले, खेळण्यातले असो वा खरे, की ते कापून किंवा काढून वहीत चिकटवावे. खाली पाच ओळी लिहाव्यात. जोर कोणत्या चाकांना? वळते कशाने? शॉकअप कसे? गिअर किती? आणि या गाडीत आधीच्या गाडीपेक्षा नवे काय असेल? प्रत्येक उत्तरापुढे 'कारण' लिहावे. कारणाशिवायचा अंदाज म्हणजे मटका, तो आपल्याला नको.

गाडी बाहेर आल्यावर तपशील मिळवून पडताळून पाहावे. बरोबर आलेल्यावर खूण करावी, आणि जे वेगळे निघाले त्याच्यासमोर ते तसे का केले असेल हे लिहावे. वस्तीतल्या विहारात किंवा वाचनालयात दहा घरांनी वर्गणी काढून एखादा जोडखेळ आणता आला तर उत्तमच. येरवडा, ताडीवाला रोड, दापोडी, पिंपरीच्या वस्त्यांत रविवारी दहा-बारा मुलेमुली एका खोक्याभोवती बसली, तर खोका फोडण्याआधी तासभर नुसता वाद व्हावा. आत तीन डिफरन्शियल की दोन, यावर आवाज चढला तर वडीलधाऱ्यांनी रागावू नये. शक्य झाले तर आपणही एका बाजूने बोलावे.